कोऱ्या चेहऱ्याची फळी

ज्या वर्षी चितारी एमेतेरिओची नात तेओदोरा नवऱ्याला सोडून, शिवणयंत्र पाठीला बांधून टेकडी चढत माघारी आली, त्याच वर्षी शेजारच्या निकानोरनं घरावर स्लॅब टाकायचं ठरवलं. लिमाच्या त्या टेकडीवर घर व्हायचं ते असंच. आधी चटयांच्या भिंती, मग जमेल तशा विटा, आणि आयुष्य शिल्लक राहिलंच तर डोक्यावर छत. निकानोरचं राहिलं होतं. त्याच्या बायकोचं, बासिलियाचं, किती राहिलंय ते तिच्या खोकल्याला ठाऊक.

छत टाकायचं म्हणजे फळी आली. डोंगरातल्या त्यांच्या गावी, सारापातात, घरावर छप्पर चढलं की घरच्याच्या कोंपाद्रेनं, म्हणजे त्याच्या पोराच्या धर्मबापानं, रंगवलेली फळी घेऊन यायचं, ही रीत होती. माणसाएवढी उंच, अरुंद फळी. खाली देवी, वर सूर्य, आणि मध्ये घरातलं एकूण एक माणूस, ज्याच्या त्याच्या कामासकट. विणणारीच्या हातात माग, नांगरणाऱ्याच्या हातात नांगर. जिवंताचे डोळे उघडे, मेलेल्याचे मिटलेले. सगळ्या आळीनं ती निरखायची, चुका काढायच्या, आणि मग ती तुळयांना बांधून टाकायची. पुढं चुलीच्या धुरानं ती काळी होई आणि कुणी मान वर करून बघतही नसे. पण ती तिथं आहे हे सगळ्यांना माहीत असे. घरातलं माणूस फळीवरून वगळलं, तर भावाभावांत पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होई.

निकानोरच्या थोरल्या पोराला, विल्बेरला, बाप्तिस्म्याच्या वेळी एमेतेरिओनंच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून ते दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. शिवाय टेकडीवर फळी रंगवणारा हात आता एमेतेरिओचाच उरला होता. बाजारात विकायला तो हातभर लांबीच्या छोट्या फळ्या काढी. गिधाडं, लामा, नाचणाऱ्या बायका. परक्यांना त्या आवडत. तो त्यांना ‘पोटाच्या फळ्या’ म्हणे आणि रंगवताना रेडिओ ऐके. घराची फळी रंगवताना मात्र रेडिओ बंद.

निकानोरची फळी त्यानं उत्साहानं घेतली. कोंबडीच्या पिसाचं टोक तासून बारीक रेघ ओढायची त्याची पद्धत. देवी झाली, निकानोर झाला, हातात थापी. बासिलिया झाली, चातीसकट. दोन मुली झाल्या, एकीच्या कडेवर पोर. आणि विल्बेरपाशी घोडं अडलं.

सतरा वर्षांचा असताना सैनिकांनी त्याला शाळेच्या वाटेवरून ट्रकमध्ये घातलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. प्रेत मिळालं नाही, थडगं नाही. गाव जळलं तेव्हा होता नव्हता तो एकुलता फोटोही जळला. त्याचे डोळे उघडे काढायचे की मिटलेले? एमेतेरिओनं सदरा रंगवला, पायांत टायरच्या चपला घातल्या, काखेत वही दिली, टोपीसुद्धा चढवली. टोपीखालची जागा तशीच राहिली. नुसतं लाकूड.

शेवटी तो बासिलियाकडे, आपल्या कोमाद्रेकडे, गेला. ती दारात बसून मका सोलत होती.

“कोमाद्रे, एक विचारायचं होतं.”

“डोळ्यांचंच ना? मला माहीत होतं तू येणार. वीस दिवस झाले तुझ्या घरातून रेडिओ ऐकू येत नाहीये.”

“उघडे काढू?”

तिनं कणीस खाली ठेवलं. मग आत निकानोर नाही ना हे बघून हळूच म्हणाली, “डोळ्यांचं सोड. मला त्याचा चेहराच आठवत नाही, कोंपाद्रे. कुणाला सांगू नकोस. आवाज आठवतो. पायांची बोटं आठवतात. चेहरा धरायला गेलं की निसटतो. तू काढ. तू काढलास म्हणजे मला दिसेल.”

एमेतेरिओनं मान डोलावली. चेहरा त्यालाही आठवत नव्हता. पोराला हातांवर धरणारा तो, आणि त्याला आठवत होती फक्त टोपी.

त्या आठवड्यात शहरातून हिमेना नावाची बाई आली. आजच्या काळातल्या कलेचं एक संग्रहालय होतं, तिथं ती कामं निवडून मांडायची. डोंगरात सैन्यानं माणसं नाहीशी केली त्या वर्षांवर प्रदर्शन भरायचं होतं. कुणीतरी तिला पोटाच्या फळ्या दाखवल्या होत्या, त्या तिला पसंत नव्हत्या हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली निकानोरची फळी तिला दिसली आणि ती बोलायची थांबली. उकिडवी बसली. तिच्या चांगल्या पँटला माती लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

“ही द्याल मला, दॉन एमेतेरिओ? प्रदर्शनापुरती?”

“ही विकायची नाही, सेन्योरिता. एका घराची आहे. आणि पुरीही झालेली नाही.”

“पुरी झालीय. कृपा करा, हिला आता हात लावू नका.”

“अहो, त्याला तोंड नाही!”

“म्हणून तर,” ती म्हणाली.

तेओदोरा आतून म्हणाली, “बघ आजोबा. आमच्या मालकालाही तोंड नसतं तर मी नांदले असते.”

त्यानं फळी दिली. छत टाकायच्या आत परत आणून देईन, असं हिमेनानं कबूल केलं. पण खरं सांगायचं तर ती गाडीत चढली तेव्हा एमेतेरिओला सुटल्यासारखं वाटलं. दुखरा दात दुसऱ्याच्या तोंडात गेला होता.

जूनमध्ये त्या फळीला प्रदर्शनाचं पहिलं पारितोषिक मिळालं. तेओदोरानं नवऱ्याला सोडताना उचलून आणलेला त्याचा एकमेव चांगला कोट आजोबाच्या अंगावर चढवला आणि दोघं गेले. दालन पांढरंशुभ्र. एका भिंतीवर नुसत्या चपला लटकवल्या होत्या. एका कोपऱ्यात पडद्यावर कुणीतरी न थांबता जमीन धूत होतं. तेओदोरा कुजबुजली, “हिला आपल्याकडं पाठवा म्हणावं.” आणि मध्ये एकट्या भिंतीवर, वरून दिवा सोडलेली, निकानोरची फळी.

परीक्षक तिघं होते आणि त्यांचं जमलेलं नव्हतं. सगळ्यांसमोरच जुंपली. काठी टेकणारा म्हातारा परीक्षक म्हणाला, “हस्तकौशल्य उत्तम आहे, वाद नाही. पण ही पिढीजात कारागिरी. नियमानं ठरलेली आकृती, नियमानं ठरलेली जागा. हिची जागा लोककलेच्या दालनात. चांगलं काम आणि आजची कला, या दोन गोष्टी आहेत.”

तरुण परीक्षक बाई उसळली. “नियम मोडलाय ना त्यांनी! सगळं नियमानं काढलं आणि जिथं नियम पुरा पडत नाही तिथं हात थांबवला. ती रिकामी जागा हेच आजचं आहे, सर. बाकी फळी त्या जागेची चौकट आहे.”

“आणि चेहरा काढला असता तर?”

“तर मी तुमच्या बाजूनं मत दिलं असतं.”

एमेतेरिओ नातीच्या कानाशी लागला. “म्हणजे काम अर्धं टाकलं म्हणून मी कलावंत. पुरं केलं असतं तर सुतार.”

“हळू बोल. अजून बक्षीस हातात दिलेलं नाही.”

तो हसला, पण त्या बाईचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. हात थांबवला, असं ती म्हणाली होती. ते खरंच होतं. का थांबवला हे तिला माहीत नव्हतं, एवढंच. तिला वाटलं हिंमतीनं. तो थांबला होता विसरल्यामुळं. पण विसरणं हीसुद्धा घडलेली गोष्टच होती ना? घराच्या फळीवर खोटं काढायचं नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. त्या हिशेबानं कोरं लाकूड हीच त्या फळीवरची सगळ्यात खरी जागा होती. कधी त्याला हे पटे. मग बासिलियाचा खोकला ऐकू येई आणि पटलेलं सगळं वाहून जाई.

टेकडीवर मात्र कुणाला पटलं नाही. निकानोर तर चिडलाच होता. “माझ्या पोराला बिनतोंडाचा करून गोऱ्या लोकांना दाखवलास आणि वर बक्षिसाचा पेला घेऊन आलास? कोंपाद्रे, तुझ्या फळीची वाट बघून माझं सिमेंट म्हातारं व्हायला लागलं.”

“आणतो.”

“कधी?”

बक्षीस मिळालेलं काम वर्ष संपेपर्यंत भिंतीवरून हलवायचं नाही, असा तिथला नियम निघाला. हिमेनानं बिचारीनं स्वतः टेकडी चढून येऊन सांगितलं, माफी मागितली. तिलाही आधी माहीत नव्हतं. निकानोरनं तिला सूप वाढलं आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

जुलैत धुकं उतरलं. लिमाचं ते ओलं, राखाडी धुकं. ना धड पाऊस, ना धड ऊन. कपडे वाळत नाहीत आणि छातीतला कफ सुटत नाही. बासिलियानं अंथरूण धरलं. छत पुढं ढकललं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं निकानोरला बाजूला घेऊन जे सांगितलं ते निकानोरनं कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो बायकोला ‘अगं’ न म्हणता ‘बासिलिया’ म्हणायला लागला. सगळे समजले.

ती एमेतेरिओ दिसला की विचारी, “काढलास का रे?”

किती वेळा टाळणार? शेवटी त्यानं बापाची शिकवण गुंडाळून ठेवली. पोटाच्या फळीचा एक तुकडा घेतला आणि एक चेहरा काढला. मनाशी म्हणाला, पोरगा बापावर गेला असणार. तरुणपणीचा निकानोर त्याला चांगला आठवत होता, तोच जरा नाजूक केला. डोळे उघडे ठेवले. म्हातारी मरतेय; तिला काय कळणार आहे? एक चेहरा हवा, तो मिळेल. तिला सुखानं मरू देत नाही ती कसली कला?

तुकडा त्यानं तिच्या उशाशी धरला. तेओदोरानं तिला मागून आधार देऊन बसवलं. बासिलियानं फळी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, परत जवळ आणली. मग तिनं एमेतेरिओकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं पाय लावून पळावं.

“हा निकानोर आहे.”

“बापावर गेला होता ना, कोमाद्रे...”

“ह्याला मी रोज बघते. मिशा आल्या नव्हत्या तेव्हापासून बघते. मला फसवतोस होय रे, मेल्या? पोराचे कान असे नव्हते.” ती खोकली. खोकता खोकताच तिचा हात वर गेला आणि हवेत काहीतरी चाचपू लागला. “कान चिकटलेले होते. माझ्या बापासारखे. आणि कपाळ एवढं मोठं नाही, केस इथवर खाली. ह्या भुवईत खाच होती, गाढवानं लाथ मारलेली. ओठ जाड. बोलताना खालचा ओठ ओला असायचा, मी सारखी शालीच्या टोकानं पुसायची आणि तो म्हणायचा, आई, मी मोठा झालो आता...”

ती बोलत राहिली. चुकीचा चेहरा समोर धरला होता आणि त्यातली एकेक चूक काढता काढता खरा चेहरा तिच्या हातात येत होता. एमेतेरिओनं पीस घेतलं नाही, रंग घेतला नाही, नुसता ऐकत राहिला. ती बोलता बोलता त्यालाही दिसायला लागला. भुवईतली खाच ऐकली तेव्हा तर त्यानं त्याला ओळखलंच. हाच. हाच तो, चर्चमध्ये मेणबत्ती विझवून सगळ्यांचा मार खाल्लेला.

दारात निकानोर उभा होता. तो आत आला नाही.

बासिलिया थकली. डोळे मिटून म्हणाली, “आता काढ. ह्या फळकुटावर नको. घराच्या फळीवर काढ.”

“काढतो, कोमाद्रे. आणि डोळे?”

तिनं तो तुकडा तेओदोराच्या हातात दिला.

“मीट,” ती म्हणाली. “दमला असेल.”

दुसऱ्या दिवशी एमेतेरिओ एकटाच संग्रहालयात गेला. खिशात पीस, रंगाच्या तीन बाटल्या. हिमेना धावत खाली आली. त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आपण चेहरा विसरलो होतो हेही सांगितलं.

ती फिकी पडली. म्हणाली, “नियम काही का असेना, फळी तुमची आहे. मी तुम्हाला अडवणार नाही. पण जे मला वाटतं ते सांगितलं नाही तर मी खोटी ठरेन. रोज लोक येतात आणि त्या कोऱ्या जागेपुढं उभे राहतात. ज्यांचं कुणी सापडलेलं नाही ते. तुम्ही चेहरा काढलात की ती एका घराची फळी होईल.”

“ती एका घराचीच आहे, सेन्योरिता.”

“हो,” ती म्हणाली. “तेही खरं.”

दालनात फळीपुढं एक बाई उभी होती. दोन वेण्या, डोंगरातली टोपी हातात धरलेली, त्याच्या मुलीच्या वयाची. कुठल्यातरी दुसऱ्याच खोऱ्यातली, स्कर्टच्या काठावरून कळत होतं. तिनं एमेतेरिओकडे पाहिलं, आपल्यातला म्हातारा पाहून डोंगरातल्या केचुआ भाषेत बोलली, बापाला हाक मारावी तशी.

“ताइता, हा माझा भाऊ. मी दर गुरुवारी येते, मालकीण सुट्टी देते तेव्हा.”

“तुझा भाऊ, पोरी?”

“सदरा त्याचाच आहे. वहीपण. तोंड मी मनातल्या मनात बसवते.” तिला जरा लाज वाटली. “दर वेळी बसतंच असं नाही. पण उभं राहायला जागा आहे ना. दुसरीकडं कुठं जाऊ? कुठं पुरलं तो खड्डासुद्धा दाखवत नाहीत.”

एमेतेरिओच्या खिशातला हात तिथंच राहिला. चाळीस वर्षांत त्याच्या कुठल्याच फळीपुढं कुणी असं उभं राहिलं नव्हतं. लोक चुका काढत, जेवत, आणि विसरत. ती काठीवाल्या म्हाताऱ्याची कारागिरी, त्या तरुण बाईची रिकामी जागा, सगळं त्याच्या मनातून एकामागून एक जाऊन आलं. ही बाई खरी होती. तिकडं अंथरुणावर पडलेली तीही खरी होती. एकीला जे द्यायचं ते दुसरीच्या हातून काढून घ्यायचं होतं. आणि कोमाद्रेला शब्द त्यानं दिला होता, ह्या बाईला नाही.

“पोरी,” तो म्हणाला, “हे माझ्या धर्मपुत्राचं चित्र आहे. त्याची आई मरतेय. मला चेहरा काढायचाय.”

ती बाजूला झाली, पण गेली नाही.

पहारेकरी पुढं आला. हिमेनानं हात वर करून त्याला थांबवलं. एमेतेरिओनं आधी कान काढले, चिकटलेले. खाली आलेले केस. जाड ओठ. भुवईतली खाच, एका रेघेत. शेवटी पापण्या. दोन वाकड्या रेघा, खाली झुकलेल्या. पीस उचललं आणि विल्बेर तिथं होता, मेलेला.

बाई जवळ आली. तिनं पाहिलं.

“हा कोण?” ती म्हणाली. “ह्याला मी ओळखत नाही.” आणि मग, आवाज न चढवता, “आत्तापर्यंत तो जिवंत होता, ताइता. तुम्ही त्याला मारलंत.”

टोपी डोक्यावर घालून ती निघून गेली. एमेतेरिओनं तिचं नावही विचारलं नव्हतं.

हिमेनानं स्वतःच्या हातांनी फळी उतरवली. तिला नंतर त्यापायी बरंच ऐकून घ्यावं लागलं म्हणतात. घोंगडीत गुंडाळताना ती एकदाच म्हणाली, “चेहरा सुंदर आहे,” आणि ते खोटं नव्हतं, पण ती रडत होती ते त्या सौंदर्यासाठी नव्हे. रंग ओला होता म्हणून बसमध्ये एमेतेरिओनं फळी पाय फाकवून उभी धरली. लोक कुरकुरले. एकानं विचारलं, “म्हाताऱ्या, दार घेऊन निघालास का?”

टेकडीच्या पायथ्याशी तेओदोरा उभी होती. तिच्या डोक्यावर काळी शाल होती.

छत टाकलं ते दफनानंतर, शेजाऱ्यांनी बादल्या हातोहात चढवून. सिमेंटमधून काढून ठेवलेल्या सळ्यांना फळी बांधायच्या आधी, घरातल्यानं आपापल्या चित्रावर बोट टेकवून नाव सांगायचं असतं. मुलींनी सांगितलं. फळीवरचे बासिलियाचे डोळे एमेतेरिओनं त्याच सकाळी मिटले होते. तिच्यावर निकानोरनं बोट ठेवलं. मग ते विल्बेरवर नेलं आणि तिथंच थांबला.

“कान चिकटलेले होते?” त्यानं विचारलं.

“ती म्हणाली तसं.”

निकानोरनं बोट त्या कानावरून फिरवलं. “माझा विल्बेर,” तो म्हणाला. ओळखून म्हणाला की बायकोच्या शब्दाखातर, हे एमेतेरिओनं त्याला कधी विचारलं नाही. त्या दिवसानंतर दोघं एकमेकांना भेटत, बोलत. पण एमेतेरिओनं पुन्हा कुणाच्या घराची फळी घेतली नाही. गिधाडं आणि लामा काढत राहिला, रेडिओ लावून.

बासिलिया ऑगस्टच्या नऊ तारखेला, गुरुवारी दुपारी गेली. एमेतेरिओ तेव्हा दालनात पापण्या काढत होता. विल्बेर कधी गेला ते कुणालाच ठाऊक नाही. त्याचीही मेणबत्ती निकानोरच्या घरी त्याच तारखेला लावतात.